गलगंड व घरातील मीठ

धुळे व जळगाव जिल्ह्यांत, विशेषतः सातपुड्याच्या पायथ्याशी, गलगंडाचा विकार पूर्वीपासून आढळत आला आहे. डोंगरउतारावरील माती पावसाने धुपते व तिच्यातील आयोडीन वाहून जाते. त्यामुळे तेथील ज्वारी-बाजरीतही ते अल्पच उतरते. आयोडीन अपुरे पडल्यास कंठातील अवटू ग्रंथीस आपले संप्रेरक पुरेसे निर्माण करता येत नाही. ग्रंथी वाढून गळा फुगतो व शरीराचा चयापचय मंदावतो. सर्वांत मोठी हानी गर्भाची होते : त्याच्या मेंदूची वाढ खुंटते व ती पुढे भरून निघत नाही.

हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात 1956 पासून झालेल्या प्रयोगात आयोडीनयुक्त मिठाने गलगंड कमी झाला. 1962 साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला.

प्रौढास रोज 150 व गरोदर स्त्रीस 250 मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. त्यासाठी मीठ अधिक खाऊ नये. नेहमीचेच मीठ आयोडीनयुक्त असावे. ते झाकणाच्या बरणीत, ओल व चुलीपासून दूर ठेवावे आणि शक्यतो अन्न शिजल्यावर घालावे. गुरांसाठी आणलेले खडेमीठ स्वयंपाकात वापरू नये, हे ग्रामसेवकांनी घरोघरी समजावून सांगावे.