‘शेठ, पेज चालवून देतो’ : जुन्नर-आंबेगावात मार्केटिंग विकण्याबद्दलचे गैरसमज

पुण्यात डिजिटल मार्केटिंगचा कोर्स करायचा, गावी परतायचं आणि मंचर, नारायणगाव, आळेफाटा, ओतूर, घोडेगावच्या बाजारपेठांत दुकानोदुकानी फिरायचं, असं करणारी तरुण मुलं-मुली आता जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत दिसू लागली आहेत. त्यांचं हे परतणं मला मोलाचं वाटतं, कारण शिकलेलं कसब गावच्या गल्ल्याला उपयोगी पडावं यासारखी चांगली गोष्ट नाही. पण त्यांच्यातले काही जण लवकर थकतात. कष्ट कमी पडतात म्हणून नाही, तर मोठ्या शहरातल्या मोठ्या धंद्यांसाठी तयार झालेल्या समजुती ते जशाच्या तशा इथे आणतात म्हणून. चुकीच्या समजुती दुकानदारांच्या मनातही आहेत. दोन्ही बाजूंचा हिशोब मांडून पाहू.

‘इथल्या दुकानदाराला मार्केटिंग कळत नाही’

सगळ्यात जास्त नुकसान करणारा गैरसमज हाच. नारायणगावचा कापड दुकानदार किंवा मंचरचा भांडीवाला वर्षानुवर्षं जाहिरात करत आला आहे. तो जत्रेच्या पत्रिकेत नाव छापतो, कुस्त्यांच्या आखाड्यात इनाम लावतो, दिवाळीआधी वर्तमानपत्रातून पत्रकं वाटतो, बाजाराच्या दिवशी रिक्षावर भोंगा लावून फिरवतो. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा कायम ठेवला. तेव्हापासून शर्यतींचे घाट पुन्हा गजबजले. तिथे दोन बाऱ्यांच्या (बैलजोड्यांच्या धावांच्या) मध्ये निवेदक बक्षीस देणाऱ्याचं नाव पुकारतो. ऐकणारा माणूस त्या दुकानदाराला, त्याच्या वडिलांना, त्याच्या गावाला ओळखत असतो. त्या पुकाऱ्यात जाहिरात असते, मान असतो आणि गावाशी नातंही असतं. ‘आम्ही तुमची पोहोच वाढवू’ असं सांगणाऱ्याची तुलना दुकानदार मनातल्या मनात याच्याशी करतो. म्हणून पहिल्या भेटीत त्याला शिकवायला जाऊ नये. ‘मागच्या वर्षी जाहिरातीवर कुठेकुठे खर्च केला आणि त्यातून काय मिळालं?’ एवढं विचारावं आणि ऐकावं.

कृषी सेवा केंद्राचं उदाहरण घ्या. आमच्याकडे औषधं-खतांचं दुकान बऱ्याच अंशी उधारीवर चालतं. टोमॅटोचा तोडा सुरू होऊन नारायणगावच्या बाजारात माल विकला की शेतकरी पैसे आणून देतो. तोपर्यंत जो दुकानदार थांबतो, शेतकरी त्याचाच. कितीही देखणी पोस्ट टाकली तरी हे नातं तिला तोडता येत नाही. पण त्याच दुकानदाराला त्याचे शेतकरी पीकवार वेगळे लावून देता येतात. टोमॅटोवाले, कांदावाले, द्राक्षवाले, बटाटावाले अशा वेगळ्या याद्या, आणि ढगाळ हवामान झालं की त्या-त्या पिकाच्या यादीला फवारणीबद्दल दुकानदाराच्या स्वतःच्या आवाजातला एक मिनिटाचा निरोप. यासाठी लागणारं व्हॉट्सअॅप बिझनेस हे अॅप २०१८ पासून फुकट मिळतं. त्याच्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ क्रमांक बसतात, आणि निरोप फक्त त्यांनाच जातो ज्यांनी दुकानाचा क्रमांक आपल्या फोनमध्ये साठवलेला आहे. म्हणजे आधी गल्ल्यावर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडून क्रमांक सेव्ह करून घेण्याचं काम आलं. हे काम कंटाळवाणं आहे, आणि म्हणूनच ते करून देणाऱ्याला दुकानदार पैसे देतो.

‘फॉलोअर वाढले की गिऱ्हाईक वाढतं’

शिवनेरीच्या पायथ्याला काढलेली रील लाखोंनी पाहिली तरी पाहणारे मुंबई, कोल्हापूर, नागपूर कुठलेही असू शकतात. जुन्नरच्या केक शॉपला त्यांचा उपयोग नाही. जाहिरात पैसे देऊन करायची तर दुकानाभोवतीचा काही किलोमीटरचा परिसर निवडता येतो, आणि छोट्या दुकानासाठी तेवढंच पुरे असतं. पण त्याही आधी एक हिशोब कागदावर करायला हवा. बहुतेक विक्रेते तो टाळतात.

समजा, तुमची महिन्याची फी ८,००० रुपये आणि जाहिरातीचा खर्च ४,००० रुपये. एकूण १२,०००. केक ४०० रुपयांचा, त्यात सगळा खर्च जाऊन दुकानदाराला १०० रुपये सुटतात. म्हणजे नुसता तुमचा खर्च भरून निघायला महिन्याला १२० जादा केक विकले गेले पाहिजेत, रोजचे ४. घोडेगावसारख्या गावात हे रोज होईल का? आता हाच खर्च माळशेजच्या रस्त्यावरच्या होमस्टेला लावून बघा. एका रात्रीच्या खोलीमागे समजा १,५०० रुपये सुटतात, तर आठ रात्री भरल्या की खर्च निघाला. ठिबक सिंचनाच्या विक्रेत्याला एका संचामागे ४,००० सुटत असतील तर तीन शेतकरी पुरे. आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत, खरे आकडे दुकानदाराकडूनच घ्यायचे. पण यातून दिसतं ते पक्कं आहे : तुमची सेवा कुणाला परवडेल हे तुमच्या कौशल्यावर ठरत नाही, त्याच्या एका विक्रीत किती सुटतं यावर ठरतं. केकवाल्याला १२,०००चं पॅकेज विकू नका. त्याला एकदाच ठरावीक रक्कम घेऊन फोटो काढून द्या, दरपत्रक व्हॉट्सअॅपच्या कॅटलॉगवर चढवून द्या, गिऱ्हाइकांच्या वाढदिवसांची वही करून द्या आणि बाहेर पडा. ज्याने मागच्या वर्षी केक नेला त्याला यंदा आठवण करणं हे नवं गिऱ्हाईक शोधण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

ठिबकवाल्याच्या बाबतीत तर मजकूरही समोरच असतो. शेतकरी दुकानात येऊन पहिला प्रश्न विचारतो तो अनुदानाचा : राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज कसा भरायचा, कागदपत्रं कोणती, पैसे कधी जमा होतात. या प्रश्नांची सरळ, खरी उत्तरं देणारे चार व्हिडिओ हेच त्याचं मार्केटिंग. त्यात नाच-गाणं लागत नाही.

‘गुगलवर एक नंबरला आणून देतो’

असं वचन देणारा एकतर स्वतः फसलेला असतो किंवा समोरच्याला फसवत असतो. जवळपासचं दुकान शोधताना कुणाला वर दाखवायचं हे तीन गोष्टींवर ठरतं असं गुगलनेच जाहीर केलं आहे : शोधाशी जुळणी, शोधणाऱ्यापासूनचं अंतर आणि त्या व्यवसायाची प्रसिद्धी. पैसे देऊन त्या यादीतलं स्थान वाढवता येत नाही. जाहिराती असतात, पण त्या वेगळ्या आणि तशी खूण करून दाखवल्या जातात. अंतराचा निकष असल्यामुळे एकच हॉटेल पेठच्या माणसाला वर दिसेल आणि चाकणच्या माणसाला दिसणारही नाही. मग ‘एक नंबर’ म्हणजे कुणाच्या फोनवर?

तरीही माझ्या मते या दोन तालुक्यांत सगळ्यात जास्त उपयोगाचं आणि सगळ्यात कमी खर्चाचं काम गुगल नकाशावरचंच आहे. त्याचं कारण रस्ता. पुणे-नाशिक महामार्ग पूर्वी मंचर आणि नारायणगावच्या बाजारपेठेतून जायचा, आणि समोरून जाणारी गाडी हीच हॉटेलाची जाहिरात होती. बाह्यवळण झाल्यावर गाड्या बाहेरून जाऊ लागल्या. गावातली कोंडी सुटली, पण पाटी वाचून थांबणारं गिऱ्हाईकही त्यांच्याबरोबर बाहेर गेलं. आता गाडीतला माणूस फोनवर ‘मासवडी’, ‘मिसळ’ किंवा ‘पंक्चर’ असं शोधतो आणि फोन दाखवेल तिथे वळतो. तिथे तुमचं नाव नसेल, वेळ चुकीची असेल किंवा खूण नकाशावर अर्धा किलोमीटर सरकलेली असेल, तर त्याच्यासाठी तुम्ही नाहीच.

पर्यटनाचंही तेच. जुन्नरला राज्य सरकारने २०१८ मध्ये विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला. शिवनेरी आहे, लेण्याद्री आणि ओझर हे दोन अष्टविनायक आहेत, नाणेघाट आहे, शेजारच्या आंबेगावातून भीमाशंकरची वाट जाते. हा पाहुणा परका असतो, त्याला कुणाचे वडील माहीत नसतात. शर्यतीच्या घाटावरचा पुकारा त्याच्या कानी पडत नाही. तो नकाशा, फोटो आणि लोकांचे अभिप्राय बघतो. व्यवसायाची नोंद फुकट असते. खरी वेळ, चालू फोन, स्वच्छ उजेडातले दहा फोटो, मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लिहिलेली माहिती आणि आलेल्या प्रत्येक अभिप्रायाला सभ्य उत्तर, एवढं नीट करायला दोन दिवस पुरतात. त्याचे दोन दिवसांचेच पैसे घ्यावेत. नावात मात्र ‘नारायणगावातील सर्वोत्तम शुद्ध शाकाहारी फॅमिली हॉटेल’ असली शेपटी जोडू नका. पाटीवर असतं तेच नाव द्यायचं असा गुगलचा नियम आहे, आणि तो मोडला तर नोंद बंद होऊ शकते.

‘जाहिरातच आहे, तिला कसले नियम?’

नियम आहेत. नव्या एजन्सीचं पहिलं लक्ष बहुधा गावातल्या डॉक्टरांकडे जातं. पण भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार जाहिरात करून रुग्ण ओढणं डॉक्टरला निषिद्ध आहे. दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, काही दिवस बंद राहील अशा सूचना देता येतात, ‘हमखास गुण’ सांगता येत नाही. वकिलांनाही बार कौन्सिलची अशीच बंदी आहे. त्यांना पॅकेज विकणं म्हणजे त्यांना अडचणीत आणणं.

विकत घेतलेले पाच-तारे अभिप्राय गुगल काढून टाकतं. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. घाऊक एसएमएस पाठवायचे तर दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २०१८ च्या नियमांप्रमाणे आधी नोंदणी लागते. चौकातल्या फ्लेक्सलाही परवानगी लागते. हे दुकानदाराला आधी सांगणारा माणूस त्याला पटतो.

‘महिन्याचं पॅकेज सगळ्यांना चालतं’

आमच्या भागात पैसा दरमहा येत नाही, पिकाबरोबर येतो. उन्हाळ्याअखेरीपासून नारायणगावला टोमॅटोची आवक चढते. सातगाव पठारावर पावसाळ्यातला बटाटा निघतो तेव्हा मंचरच्या बाजारात हालचाल होते. उसाचं बिल हिवाळ्यात सुरू होतं. भीमाशंकरच्या वाटेवरच्या माणसाचा सीझन श्रावण आणि महाशिवरात्र, माळशेजवाल्याचा पाऊस. भाव पडला की दागिने, गाडी, फर्निचर सगळ्यांची दुकानं शांत होतात. अशा ठिकाणी बारा महिने सारखी फी मागणारा चौथ्या महिन्यात ‘बघू शेठ, दिवाळीनंतर’ हे उत्तर ऐकतो. ‘बघू’ हा आमच्याकडचा अदबीचा नकार आहे. तो ओळखावा आणि वाईट वाटून घेऊ नये.

महिन्याच्या पॅकेजला दुसरा मार्ग नारायणगावात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव तमाशाची पंढरी म्हणून ओळखलं जातं. गुढीपाडव्याच्या सुमारास फडमालक इथे राहुट्या टाकतात, फडाच्या नावाचे फलक लावतात आणि गावोगावच्या जत्रा कमिट्या येऊन सुपारी ठरवतात. तारीख ठरते, रक्कम ठरते, विसार दिला जातो. ज्या तिथीला जत्रा जास्त त्या तिथीचा भाव जास्त. विकणारा गावोगाव दार ठोठावत फिरत नाही. गिऱ्हाईक जिथे आणि ज्या दिवसांत येतं, तिथे तो हजर असतो. काम एका रात्रीचं, ठरलेलं, आणि सगळ्या गावाला डोळ्यांनी दिसणारं. मार्केटिंग विकणाऱ्याने नेमकं हेच करावं : ‘श्रावणाचा महिना’, ‘लग्नसराईचे दोन महिने’ अशी कामं घ्यावीत, अर्धा विसार आधी घ्यावा, आणि काम संपल्यावर किती फोन आले, किती जण दुकानात आले हे वहीत दाखवून उरलेले पैसे मागावेत. फोन आला की ‘कुठून कळलं?’ हा एक प्रश्न गल्ल्यावरच्या मुलाने विचारायचा आणि रेघ मारायची. याहून महागडं मोजमाप इथे लागत नाही.

सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून तुमची उद्यम नोंदणी असेल तर तुमचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं असं एमएसएमई कायदा सांगतो. नोंदणी फुकट आहे, करून ठेवा. पण ज्याच्याशी रोज चहाच्या टपरीवर गाठ पडते त्याच्यावर कायदा उगारण्यापेक्षा आधी विसार घेणं दोघांच्याही हिताचं.

‘पासवर्ड आमच्याकडेच राहू द्या’

शेवटचा गैरसमज मला सगळ्यात खटकतो. दुकानाची नोंद, पेज, जाहिरातीचं खातं हे सगळं एजन्सीच्या ईमेलवर उघडलं जातं, आणि काम थांबलं की दुकानदाराला स्वतःच्याच हॉटेलची वेळ बदलता येत नाही. काही जणांना यातच धंद्याची सुरक्षितता वाटते. गुगल आणि फेसबुक दोन्हीकडे मालक हा मालक राहून दुसऱ्याला फक्त व्यवस्थापक म्हणून जोडण्याची सोय आहे, त्यामुळे असं अडकवण्याला तांत्रिक कारण उरत नाही. हा भाग लहान आहे. ओतूरला केलेलं आळेफाट्याला संध्याकाळपर्यंत कळतं, आणि एका दुकानदाराने ‘त्या पोराने आमचं खातं अडकवलं’ असं सांगितलं की पुढच्या दहा दुकानांची दारं तुम्हाला बंद होतात.

दुकानदार शेठ-ताईंना माझी विनंती : आजच विचारा, आमच्या नावाच्या खात्याचा मालक कोण दिसतो? आणि हे काम करणाऱ्या मुलामुलींनो, ज्यांच्या खात्यांच्या किल्ल्या तुमच्याकडे आहेत त्यांना त्या या आठवड्यातच नेऊन द्या.