अंगातली वीज आणि मण्यारीचा दंश

मंडळी, पावसाळ्याच्या दिवसांत खेड्यापाड्यांतून एक प्रकार घडतो. जमिनीवर अंथरूण टाकून निजलेला माणूस पहाटे पोट दुखते म्हणून उठतो. अंगावर जखम दिसत नाही, सूज नाही. थोड्या वेळाने त्याच्या पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, थुंकी गिळवत नाही. घरातली माणसे म्हणतात, "झोप झाली नसेल, पडू दे जरा." आणि तिथेच घात होतो! रात्री त्याला मण्यार चावलेली असते. दुखत नाही, तरी माणूस दगावतो, हे कसे? ते समजायचे तर आपल्या अंगात वीज कशी तयार होते, हे आधी पाहिले पाहिजे.

मेंदूपासून हातापायांपर्यंत मज्जातंतूंचे जाळे पसरलेले आहे. हे तंतू म्हणजे मज्जापेशींचे लांबच लांब धागे. कमरेपासून पायापर्यंतचा एकेक धागा सुमारे एक मीटर भरतो. या धाग्याच्या आतही पाणी आणि बाहेरही पाणी. पण दोन्हींत फरक आहे. बाहेरच्या पाण्यात सोडियम जास्त, म्हणजे आपल्या मिठात असते तेच. आतल्या पाण्यात पोटॅशियम जास्त. धाग्याच्या पातळ पडद्यात जणू बारीक पंप बसवलेले आहेत. ते रात्रंदिवस सोडियमचे तीन कण बाहेर टाकतात आणि पोटॅशियमचे दोन आत घेतात. या पंपांना लागणारी शक्ती आपण खातो त्या भाकरीतूनच येते, बरं का! शिवाय पोटॅशियम पडद्यातून थोडे थोडे बाहेर झिरपते. त्यामुळे धाग्याची आतली बाजू ऋण राहते. हा फरक सुमारे ७० मिलिव्होल्टचा, म्हणजे बॅटरीतल्या दीड व्होल्टच्या सेलच्या जेमतेम विसाव्या भागाइतका.

आता संदेश कसा निघतो ते पाहा. पडद्यात सोडियमसाठी दारे असतात. ती एरवी बंद. पुरेसा धक्का बसला की ती उघडतात आणि धरणाचे दार उघडावे तसे सोडियम आत घुसते. आतली बाजू क्षणभर धन होते. सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागात ही दारे मिटतात, पोटॅशियम बाहेर पडते आणि सारे पूर्ववत् होते. पण तेवढ्यात शेजारची दारे उघडलेली असतात, मग त्यांच्या शेजारची. फटाक्याची वात जळत जावी तसा संदेश पुढे सरकतो. वात जळून संपते. तंतू मात्र लगेच नव्या संदेशाला तयार!

तुम्ही म्हणाल, हे कळले कसे? कोकणात ज्याला माकूळ म्हणतात, त्या जातीच्या समुद्री प्राण्यात एक मज्जातंतू चांगला अर्धा ते एक मिलिमीटर जाड असतो. हॉजकिन आणि हक्स्ली या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९३९ साली त्यात बारीक तार घालून ही वीज मोजली, आणि १९५२ साली तिचे गणित मांडले. १९६३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

गुरुजींनी मुलांना एक प्रश्न विचारावा : ठेच लागली की स्पर्श आधी कळतो आणि कळ मागाहून येते, असे का? स्पर्शाचे जाड तंतू जलद असतात. रेंगाळणाऱ्या कळेचे बारीक तंतू सेकंदाला मीटरभरच चालतात.

आता मण्यारीकडे येऊ. तंतू स्नायूला चिकटलेला नसतो. मध्ये अतिसूक्ष्म फट असते. वीज ती फट ओलांडत नाही. तंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य सुटते, ते पलीकडे पोचते, तेव्हा स्नायू आखडतो. नागाचे विष स्नायूवरची ती द्रव्य घेण्याची जागाच अडवून बसते. मण्यारीचे विष मुख्यतः तंतूचे टोक निकामी करते. मेंदू हुकूम सोडतो, वीज टोकापर्यंत येते, पण हुकूम पलीकडे जात नाही. आधी पापण्या मिटतात, मग गिळणे बंद होते, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. माणूस शुद्धीवर असूनही त्याला हाक मारता येत नाही.

म्हणूनच वेळ मोलाचा. सापाच्या विषावरचे इंजेक्शन रक्तातले विष मारते. बिघडलेले टोक ते दुरुस्त करीत नाही. म्हणून ते लवकर मिळाले पाहिजे. उशीर झाला तरी आशा सोडू नका. यंत्राने श्वास चालू ठेवला, तर काही दिवसांत नवी टोके फुटतात आणि माणूस उठून बसतो.

तेव्हा मांत्रिकाकडे जाऊ नका. जखम कापू नका, दोरी आवळू नका. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका. १०८ क्रमांकाला फोन करा आणि थेट दवाखाना गाठा. वाटेत श्वास थांबला, तर तोंडाने श्वास देत राहा. रात्री खाटेवर, मच्छरदाणी नीट खोचून निजा. आणि पावसाळ्यात पहाटे कुणाच्या पापण्या उगाच मिटू लागल्या, तर "पडू दे जरा" असे म्हणू नका.