चिंचोक्यांचा हिशेब

संपादकांनी पाठवलं होतं जव्हारच्या पावसाळी पर्यटनावर लिहायला. राजवाडा पाहिला, शिरपामाळ पाहिला. बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागून, मग त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापून डोंगरच्या डोंगर वेढणाऱ्या, जव्हारचं राज्य उभारणाऱ्या जयाबा मुकण्यांची दंतकथा ऐकली. १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाने त्यांच्या मुलाला दिलेला नेमशहा हा किताब, १६६४ च्या सुरत स्वारीच्या वाटेवर शिवाजी महाराज आणि जव्हारचे राजे विक्रमशहा यांची शिरपामाळावर झालेली भेट, हे जव्हारात चहाच्या टपरीवरही कोणी सांगेल. मी थांबलो ते भूपतगडाच्या पायथ्याशी, प्लास्टिकचा कागद पांघरून बसलेल्या एका मुलीपाशी. तिच्यापुढे दोन पत्र्याचे डबे होते आणि डब्यांत चिंचोके.

ती साखरशेतची, जव्हारच्या कॉलेजात बी.ए. करते. गडाखालच्या पाड्यावर तिच्या मामाचं घर आहे. जुलै ते सप्टेंबर ती शनिवारी जीपने जव्हारला येते, तिथून दुसऱ्या जीपने मामाकडे, आणि रविवारी सकाळी मामेभावंडांना घेऊन पायवाटेच्या तोंडाशी बसते. तिला कोणी नेमलेलं नाही, गळ्यात ओळखपत्र नाही, पगार तर नाहीच. दोन वर्षांपूर्वी धुक्यात वाट चुकलेली मुंबईची पोरं रात्री रडकुंडीला येऊन मामाच्या ओटीवर पोचली, तेव्हापासून हे सुरू झालं.

पद्धत अशी. वर जाणाऱ्या प्रत्येक माणसामागे एक चिंचोका डाव्या डब्यात. माणूस उतरला की तोच चिंचोका उजव्या डब्यात. संध्याकाळी डावा डबा रिकामा व्हायला हवा. पहिल्या वर्षी वही होती, पावसाने शाई धुवून नेली. मोबाइलला तिथे रेंज नसते आणि ओल्या बोटांनी तो चालतही नाही. पाच वाजता डाव्या डब्यात काही उरलं असेल तर दोन भाऊ बॅटरी घेऊन वर निघतात. मी होतो त्या रविवारी तीन चिंचोके उरले होते. ती डब्याकडे बघत राहिली आणि कोणाशी बोलेना. तीन मुलं शीळ घालत उतरली तेव्हा तिने आधी चिंचोके हलवले, मग त्यांना झापलं.

गडावर बघायला फार काही उरलेलं नाही. ढासळलेला दरवाजा, तटाचे तुकडे, कातळात खोदलेली टाकी आणि खाली पिंजाळ नदीचं खोरं. रायगडाच्या भव्यतेची अपेक्षा घेऊन आलेला माणूस नाराज होऊन फिरतो. पण तिच्याबरोबर चढलो तेव्हा गड वेगळा दिसला. कुठल्या कातळावर शेवाळ धरतं, कोणत्या वळणावर धुक्यात गुरांची वाट पायवाटेसारखी फसवते, हे तिला तोंडपाठ. टाक्यापाशी एक जण बूट धुवायला वाकला, तशी ती म्हणाली, “दादा, यात नका. हे पाणी पुढे गुरं पितात.” आवाज चढला नाही, पण त्या माणसाने बूट परत पायात घातले.

जगात अशा कामाची रीतसर व्यवस्था आहे. फ्लोरिडाच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात फोर्ट जेफरसन हा विटांचा प्रचंड किल्ला आहे. तिथे स्वयंसेवक काही आठवडे राहून पाहुण्यांना किल्ला दाखवतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत, ज्यांत हा किल्लाही येतो, ही योजना १९७० पासून चालते. अनेक स्वयंसेवक निवृत्त असतात. घर चाललेलं असतं, वेळ हाताशी असतो. त्यांच्या उत्साहाबद्दल मला आदर आहे. पण भूपतगडाखाली त्याची नक्कल करता येणार नाही, कारण इथे पाहुण्यांचा हंगाम आणि शेतीचा हंगाम एकच आहे.

जुलैत गर्दी सुरू होते तेव्हा भाताची आवणी असते, उतारावर नागली-वरई लावायची असते. रविवार म्हणून चिखल थांबत नाही. मामेभाऊ आळीपाळीने येतात, आणि जो येतो त्याच्या वाटचं काम मामी करते. पाहुण्यांना हे दिसत नाही. पावसाळा सरतो, भात कापलं जातं, दिवाळी होते आणि पाडे रिकामे होऊ लागतात. माणसं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर आणि रेतीवर जातात, लेकराबाळांसकट. डिसेंबरात थंडीचे पाहुणे येतात तेव्हा पायथ्याशी डबेही नसतात आणि बसायला कोणी नसतं.

म्हणून या मुलांच्या निःस्वार्थ सेवेचं कौतुक करून थांबणं मला अन्यायाचं वाटतं. जीपचं भाडं ती मुलगी स्वतः भरते. गाडीतून आलेला माणूस वडापावला पैसे देतो, पार्किंगला देतो, आणि त्याला सुखरूप उतरवणाऱ्या हातांना आभार मानून निघून जातो. काहीजण तेही करत नाहीत. साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात प्रवेशशुल्क घेतलं जातं, आसपासच्या गावांची समिती ते सांभाळते आणि गावातल्याच लोकांना त्यातून काम मिळतं. जव्हार-मोखाडा अनुसूचित क्षेत्र आहे, १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेच्या शब्दाला इथे वजन आहे. गाडीमागे काही रुपये घेऊन त्यातून रविवारची रोजी देणं अशक्य का असावं?

हे मी तिच्यापुढे मोठ्या आवेशाने मांडलं. तिने दप्तरातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला. मामाच्या नावाने ग्रामसभेला लिहिलेला अर्ज होता: गाडीमागे वीस रुपये, दोन मुलांना हजेरी, एक दोर, दोन बॅटऱ्या. पंधरा ऑगस्टच्या सभेला कोरमच भरला नाही, सगळे शेतात होते. आता २ ऑक्टोबरची सभा. तेव्हा हळवं भात कापणीला आलेलं असेल, म्हणून सप्टेंबरातच पाड्यापाड्यावर फिरून बायकांना सांगून ठेवायचं तिने ठरवलंय. पुरुष नाही आले तरी बायका येतील, आणि कोरम त्यांनीही भरतो.