पाच मिनिटांत वर्डप्रेस, मग वेबसाइटला पाच महिने का?

शिक्षणसंस्थांच्या बैठकीत हा प्रश्न मला हमखास विचारला जातो, आणि तो वावगा नाही. २००३ साली आलेल्या वर्डप्रेस या वेबसाइट उभारण्याच्या सॉफ्टवेअरची ख्यातीच 'पाच मिनिटांत इन्स्टॉल' अशी आहे आणि ती खरी आहे. पण पाच मिनिटांनंतर पडद्यावर असतं काय? 'हॅलो वर्ल्ड' या शीर्षकाची एक नमुना नोंद. संस्थेचा त्यात एक शब्दही नसतो.

दुसरा समज असा, की कोटेशन मंजूर झालं म्हणजे काम सुरू झालं. विक्री करणाराही त्याच दिवसापासून तारीख सांगून मोकळा होतो. हे मला पटत नाही. वर्क ऑर्डरवर सही, आगाऊ रक्कम, लोगोची मूळ फाइल, जुन्या सर्व्हरचा पासवर्ड, यांत महिना सहज जातो. डोमेन नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या ईमेलवर नोंदवलेलं निघालं, तर आणखी.

सगळ्यांत पक्का गैरसमज म्हणजे उशीर प्रोग्रामर करतात. कधी करतात, नाही असं नाही. पण माझ्या पाहण्यात सर्वाधिक आठवडे मजकूर खातो, आणि मराठी मजकूर तर जास्तच. संस्थेचे वीस-पंचवीस वर्षांचे अहवाल आणि परिपत्रकं जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये असतात. त्या फायलींच्या पोटात असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट नसेल तर मराठी नाहीशी होते, आणि गूगलवर शोधून ती सापडत नाही. म्हणून सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा संकेत देणाऱ्या पद्धतीत, आणावं लागतं.

'आर्थिक' हा शब्द घ्या. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी 'थ'च्या आधी येते आणि रफार 'थ'च्या नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलट: आधी 'र्', मग 'थ', मग वेलांटी. कन्व्हर्टर बहुतेक शब्द सरळ करतो, पण अशा जागी अडखळला की 'आथिर्क' उमटतं. ते पकडायला पानन्‌पान वाचणारा माणूस लागतो. तो बहुधा संस्थेतलाच एखादा शिक्षक असतो आणि नेमक्या त्याच्या परीक्षा चालू असतात. म्हणूनच मी करारात नुसती तारीख लिहीत नाही. 'तपासलेला मजकूर हाती आल्यापासून आठ आठवडे' असं लिहितो.

माणसं वाढवली की काम लवकर उरकेल, हेही खरं नाही. रखडलेल्या सॉफ्टवेअरच्या कामात नवी माणसं घातली तर ते आणखी रखडतं, हे फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ सालीच 'द मिथिकल मॅन-मंथ'मध्ये मांडलं. नव्याला समजावून सांगण्यात जुन्यांचा दिवस जातो. शिवाय काही वेळ माणसांच्या संख्येवर अवलंबूनच नसतो. सरकारी संकेतस्थळ असेल तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या यादीतल्या संस्थेकडून सुरक्षा तपासणी, त्रुटींची दुरुस्ती आणि फेरतपासणी यांचा वेळ धरूनच चला.

आणि साइट सुरू झाली म्हणजे संपलं, असंही नाही. वर्डप्रेससारखंच दुसरं सॉफ्टवेअर द्रुपल, त्याची सातवी आवृत्ती जानेवारी २०११मध्ये आली. तिचा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ रोजी थांबला. पुढची आवृत्ती इतकी वेगळी होती, की नुसतं अपडेटचं बटण दाबून भागण्यासारखं नव्हतं. साइट नव्याने उभारून सगळा मजकूर तिकडे हलवावा लागला.