बंब येईपर्यंत

‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ अशी एक म्हण आपल्या भाषेत आहे. भलत्याच ठिकाणी उपाय करणाऱ्याची थट्टा करण्यासाठी ती योजतात. बिदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागात मात्र ती शब्दशः खरी ठरते. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील खेड्यांत बंब यावयाचा तो बहुधा तालुक्याच्या गावाहून. तो कितीही तातडीने निघाला तरी वाटेत वेळ जाणारच. आणि आग तर काही मिनिटांतच सारी खोली व्यापते. तेवढा वेळ घरच्या माणसांनाच निभावून न्यावा लागतो.

दरवर्षी १४ एप्रिलपासून आपल्या देशात अग्निशमन सप्ताह पाळला जातो. १९४४ साली त्याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. त्या एकाच जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि शेकडो टन दारूगोळाही होता. कापूस आतल्या आत धुमसत राहिला आणि दुपारी चारनंतर, सुमारे अर्ध्या तासाच्या अंतराने, दोन प्रचंड स्फोट झाले. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी कर्तव्य बजावीत असता प्राणास मुकले.

धुमसणारी वस्तू आणि भडकणारी वस्तू शेजारी ठेवण्याची ही चूक आपल्या घरांतही होत नाही काय? चुलीमागे तुराट्यांची रास, कोपऱ्यात तेला-पेट्रोलचा डबा, माजघरात कापूस आणि भिंतीला टेकून कडब्याची गंजी! उन्हाळ्याच्या वाऱ्यात एक ठिणगी पुरे. म्हणून गंजी घरापासून व विजेच्या तारांपासून दूर रचावी. चुलीजवळ त्या वेळेपुरतेच जळण आणावे. राख उकिरड्यावर टाकण्यापूर्वी तीवर पाणी शिंपडावे. सायंप्रार्थना आटोपली की मूर्तीपुढील मेणबत्ती विझवून मगच अंथरुणास पाठ टेकावी. नाताळच्या गवती गोठ्यात तर मेणबत्ती मुळीच ठेवू नये.

आता खेड्यापाड्यांतही गॅस आला आहे. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे गळला की जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर उभा ठेवावा व शेगडी त्याहून उंच ओट्यावर असावी. रबरी नळी पाच वर्षांनी बदलावी. भेग दिसल्यास त्याआधीच. वास आला तर विजेचे बटण चालू करू नये, बंदही करू नये. काडी ओढू नये. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्या, सर्वांनी बाहेर यावे आणि बाहेरूनच १९०६ या क्रमांकावर कळवावे.

तरीही आग लागलीच तर? तामिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकघरातील आग झापांच्या छपरास लागली आणि ९४ बालके दगावली. बाहेर पडण्याची वाट अरुंद होती. आपल्या जुन्या माळवदी घरांनाही पुष्कळदा एकच दार असते, आणि त्याच दारापाशी रात्री पोती व सायकल उभी असते. ती वाट मोकळी ठेवा. दाराला आतून कुलूप लावीत असाल, तर किल्ली अंधारातही सापडेल अशा एकाच खिळ्याला अडकवा.

आजीला कोणी उठवावयाचे, तान्ह्या मुलाला कोणी उचलावयाचे, मेन स्विच कोणी बंद करावयाचा, १०१ अथवा ११२ ला फोन कोणी करावयाचा, हे आजच ठरवा. बाहेर सर्वांनी एकाच झाडाखाली जमावे, म्हणजे कोण राहिले ते तत्काळ कळते. धूर कोंडला असेल तर जमिनीलगत रांगत निघावे. पुष्कळदा माणूस ज्वालेआधी धुरानेच बेशुद्ध पडतो. जनावरांची दावी सुरगाठीने बांधावी, म्हणजे एका झटक्यात सुटतात. एकदा बाहेर आल्यावर दागिन्यांसाठी वा कागदपत्रांसाठी कोणीही पुन्हा आत शिरू नये.

कढईतील तेल पेटले तर पाणी ओतू नये. शेगडी बंद करून वर झाकण ठेवावे. विजेच्या आगीवरही पाणी नको. मेन स्विच बंद करून कोरडी माती टाकावी. लुगड्याने पेट घेतल्यास धावू नये, जमिनीवर लोळावे. इतरांनी घोंगडी लपेटावी. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे गार पाणी सोडावे, बांगड्या-अंगठ्या लवकर काढाव्या आणि स्वच्छ कापड झाकून दवाखान्यात न्यावे. हळद, तेल, शाई, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये.

या सर्वाला खर्च जवळजवळ नाहीच. दाराशी वाळूची एक बादली व भरलेली घागर ठेवावी, आणि या आठवड्यात एका संध्याकाळी आईवडिलांनी मुलांना बरोबर घेऊन घराभोवती एक फेरी मारावी. कोठे काय पेटू शकेल हे मुलांनाच विचारावे. पुष्कळदा थोरांच्या नजरेतून सुटलेले त्यांना अचूक दिसते. मग लगेच, त्याच संध्याकाळी, ती वस्तू तेथून हलवावी.