मुंबई इलाख्यातील छायाचित्रणाचा आरंभ: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज: छायाचित्रणाचा शोध एकट्या लुई दागेरने लावला.

वस्तुस्थिती: दागेरची पद्धत 1839 मध्ये पॅरिसमध्ये जाहीर झाली, हे खरे असले तरी त्यापूर्वीच निसेफोर न्येप्सने कॅमेऱ्यातील प्रतिमा टिकवून दाखवली होती आणि इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट स्वतंत्रपणे प्रयोग करत होता. दागेरच्या पद्धतीत चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर एकच चित्र मिळे. टॅलबटच्या कागदी निगेटिव्हवरून, म्हणजे छायाप्रकाश उलट उमटलेल्या मूळ प्रतिमेवरून, अनेक प्रती काढता येत.

गैरसमज: ही कला भारतात फार उशिरा आली आणि युरोपीयांपुरतीच राहिली.

वस्तुस्थिती: छायाचित्रकारांची संस्था लंडनमध्ये 1853 मध्ये निघाली, तर मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी अवघ्या वर्षभराने, 1854 मध्ये स्थापन झाली. तिच्या सुरुवातीच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः छायाचित्रे काढत. 1855 मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला; तेथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला. या नावांना छायाचित्रणाच्या इतिहासात तळटीपेची नव्हे, मुख्य मजकुरातली जागा मिळायला हवी.

गैरसमज: कॅमेरा आल्यावर कोठलेही दृश्य सहज टिपता येऊ लागले.

वस्तुस्थिती: 1851 मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने मांडलेल्या ओल्या कोलोडियनच्या पद्धतीत काचेवर रासायनिक लेप चढवून, तो ओला असतानाच चित्र घेऊन, लगेच अंधारात प्रतिमा उमटवावी लागे. त्यामुळे, उदाहरणार्थ, कोकणातल्या टोकावडे गावाकडून सह्याद्रीतला नाणेघाट चढून छायाचित्रे घ्यायची, तर काचा, रसायने, पाणी आणि अंधाराचा तंबू असे सारे ओझे घाटमाथ्यावर वाहून न्यावे लागले असते. आधी तयार करून ठेवता येणाऱ्या कोरड्या प्लेट 1880 च्या दशकात रूढ झाल्या आणि हा भार हलका झाला.

गैरसमज: जुने छायाचित्र म्हणजे निर्विवाद पुरावा.

वस्तुस्थिती: छायाचित्रकार विल्यम जॉन्सनने मुंबईतील विविध समाजांवर 1860 च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात माणसांची स्वतंत्रपणे घेतलेली चित्रे निराळ्या पार्श्वभूमीवर जोडलेली आढळतात. म्हणून पेहराव, वस्ती किंवा जात यांविषयी अशा चित्रावरून निष्कर्ष काढण्यापूर्वी ते कोणी, कोणासाठी व कोणत्या पद्धतीने तयार केले, हे तपासणे अभ्यासकाचे पहिले कर्तव्य ठरते.