समोरच्याला कळेल असं वळा

मंडळी, मांडवगण फराट्यात समुद्राचं काय काम, असं तुम्ही म्हणाल. पण प्रश्न आपल्या रस्त्यावरचाच आहे. अरुंद वाटेवर दोन मोटारसायकली समोरासमोर येतात. दोघं चुकवायला म्हणून एकाच बाजूला दबतात, मग एकदमच दुसऱ्या बाजूला. धडक कोणालाच नको असते, तरी होते. कारण हा निर्णय एकट्याचा नसतोच.

७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या जहाजांची दिवसाउजेडी टक्कर झाली. चित्रा कलली, कंटेनर पाण्यात पडले, तेल सांडलं, काही दिवस बंदराची वाहतूक थांबली. सहा महिन्यांच्या आत, ३० जानेवारी २०११ ला, त्याच परिसरात नौदलाची विंध्यगिरी आणि नॉर्डलेक हे मालवाहू जहाज यांची टक्कर झाली; विंध्यगिरी दुसऱ्या दिवशी बुडाली.

आता, अशा मालवाहू जहाजांवर रडार आणि एआयएस तेव्हाही सक्तीचं होतं. एआयएस म्हणजे आपलं नाव, जागा, वेग, दिशा इतरांना सतत कळवणारं यंत्र. त्यावरून संगणक दोन आकडे काढतो: दोन्ही जहाजं एकमेकांच्या किती जवळून जातील, आणि किती वेळानं. समजा दोघांचा वेग १५ नॉट आणि तोंडं समोरासमोर. मधलं ३ सागरी मैलांचं अंतर ६ मिनिटांत संपतं. अन् मोठ्या जहाजाला जागच्या जागी थांबता येत नाही!

मग यंत्रानं सल्ला काय द्यायचा? इंधन वाचवायचं म्हटलं तर थोडंसंच वळा, पुन्हा थोडं वळा. गणित बरोबर, पण समोरच्याला ते वळणं दिसतच नाही. म्हणून १९७२चे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात, वेळेवर वळा, आणि समोरच्याच्या डोळ्यांना किंवा रडारला सहज कळेल इतकं वळा. थोडं-थोडं वळणं टाळा. समोरासमोर आलात तर दोघांनीही उजवीकडे वळा. टक्कर होईल की नाही अशी शंका असेल, तर धोका आहे असंच धरा.

यात तत्त्वज्ञान आहे बघा. इथे योग्य कृती म्हणजे सगळ्यात कमी खर्चाची नव्हे, तर दुसऱ्याला वाचता येणारी कृती. निर्णयाला मदत करणारं यंत्र घेताना तेवढं एक विचारा: ते फक्त माझा मार्ग काढतं, की समोरच्याला माझा इरादा कळेल याचाही हिशोब धरतं?